मशीहाची वंशावळ : ईश्वरी योजना आणि मानवी संकल्पस्वातंत्र्य

मशीहा म्हणजे अभिषिक्त. दावीद राजाच्या कुळात जन्मास येऊन इस्राएलास परवशतेतून सोडविणारा राजा, अशी यहुदी परंपरेची सर्वसामान्य धारणा आहे. बाराव्या शतकात मैमोनिदिसाने ‘मिश्ने तोरा’ ह्या आपल्या धर्मनियमांच्या संहितेच्या अखेरीस, राजांविषयीचे नियम सांगताना, ही धारणा विधिवाक्यांच्या स्वरूपात नोंदविली. मशीहाने चमत्कार करून दाखविण्याची आवश्यकता नाही. त्याची ओळख दावीदाचे कूळ आणि त्याची स्वतःची कृती ह्यांवरून पटावयाची, असे तो सांगतो. कूळ ही माणसाला मिळालेली गोष्ट असते. कृती ही त्याने केलेली. परंतु हे कूळ तरी कसे उभे राहिले, असा प्रश्न विचारला की ‘मिळालेले’ आणि ‘केलेले’ ह्यांमधील सीमारेषा एकाएकी पुसट होते. ती कशी पुसट होते आणि भाष्यकारांनी तिच्याकडे कसे पाहिले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ज्याला केवळ कुळाचे माहात्म्य सांगावयाचे आहे असा चरित्रकार ह्या वंशावळीतील निम्म्या गोष्टी झाकून ठेवील. दावीदाची पणजी रूथ ही मवाबी. आणि मवाब हा सदोमाच्या विनाशानंतर लोटापासून त्याच्याच थोरल्या मुलीला झालेला पुत्र. रूथचा पती बवाज हा पेरेसाचा वंशज. आणि पेरेस हा यहूदापासून त्याच्या विधवा सुनेला, तामारेला, झालेला पुत्र. दावीदाचा वारस शलमोन हा बथशेबेचा मुलगा. आणि बथशेबा दावीदाच्या घरात कशी आली हे सर्वश्रुत आहे. बायबलची संहिता ह्यांपैकी काहीही लपवीत नाही. उलट रूथच्या पुस्तकाचा शेवट पेरेसापासून दावीदापर्यंतच्या दहा नावांनी होतो, आणि त्यापूर्वी वेशीवर जमलेले वडीलधारे बवाजाला आशीर्वाद देताना तामारेचे नाव मुद्दाम घेतात.

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात तौलनिक साहित्याभ्यासाची अभ्यासपत्रिका शिकविताना ही वंशावळ फळ्यावर मांडली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “हे सगळे आधीच ठरलेले असेल, तर तामार केवळ साधनच ठरते ना? आणि मग लोटाला तरी दोष कशाला द्यायचा?” वर्गात मी दिलेले उत्तर समाधानकारक नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाकडे पुन्हा एकदा वळण्याचा प्रयत्न आहे.

प्रारंभी शब्दांविषयी थोडे सांगावयास हवे. आपल्याकडे दैव आणि पुरुषकार ही जोडी इतकी रुळलेली आहे की कोणत्याही परंपरेतील असा प्रश्न आपण नकळत त्या चौकटीत बसवितो. परंतु आपल्या ‘दैवा’मागे कर्मविपाकाची कल्पना उभी असते, आजचे दैव हे कालचे कर्मच असते. हिब्रूमध्ये मध्ययुगीन तत्त्वज्ञांनी रूढ केलेला ‘हश्गाहा’ हा शब्द ‘पाहणे, लक्ष ठेवणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून आला आहे. कर्माचा हिशेब त्याच्या मुळाशी नाही; कोणीतरी पाहत आहे, एवढेच त्यात गृहीत आहे. मिश्नेतील ‘आवोथ’ ह्या प्रकरणात रब्बी अकिवाच्या नावावर असलेले, आणि ह्या विषयावरील प्रत्येक चर्चेत येणारे, वचनही ह्याच क्रियेभोवती फिरते : सारे काही आधीच पाहिले गेले आहे आणि तरीही माणसाला मुभा दिलेली आहे, असा त्याचा आशय. ह्या दोन विधानांत विरोध आहे, हे अकिवाला कळत नसेल असे नाही. पण तो उलगडून दाखविण्याची जबाबदारी तो घेत नाही. ताल्मूदमधील रब्बी हनीना थोडी वेगळी वाटणी करतो : सर्व काही स्वर्गाच्या हाती, फक्त स्वर्गाचे भय तेवढे माणसाच्या हाती.

तत्त्वज्ञांनी पुढे हा विरोध सोडविण्याचा यत्न केला. मैमोनिदिसाने ईश्वराचे ज्ञान हे मानवी ज्ञानाच्या जातीचेच नव्हे, म्हणून त्याच्या पूर्वज्ञानाने आपले स्वातंत्र्य बाधित होत नाही, असे म्हटले. गेर्सोनिदिसाने १३२९ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात ईश्वराच्या विशिष्टविषयक ज्ञानालाच मर्यादा घातली. तर १४१० च्या सुमारास हस्दाय क्रेस्कासाने नेमकी उलट बाजू घेऊन मानवी इच्छाही कारणपरंपरेने बद्ध असल्याचे मान्य केले. ह्या तिन्ही मतांची तार्किक बाजू स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की तत्त्वज्ञांच्या कितीतरी आधी मिद्राशकारांनी हाच प्रश्न कथेच्या अंगाने हाताळला होता. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांची हाताळणी अधिक सूक्ष्म आहे, कारण माणूस कोणत्या क्षणी स्वतंत्र असतो, हे त्यांनी प्रसंगाप्रसंगाने तपासले.

प्रथम लोटाचे उदाहरण घेऊ. सदोम जळाले, बाप आणि दोन मुली एका गुहेत राहिल्या. पृथ्वीवर आता दुसरा पुरुष उरला नाही, अशी त्या मुलींची समजूत. त्या बापाला द्राक्षारस पाजतात. पहिल्या रात्री थोरली, दुसऱ्या रात्री धाकटी. संहिता म्हणते की त्याला काही कळले नाही. ‘उत्पत्ती’वरील ‘बरेशीथ राब्बा’ ह्या मिद्राशाला प्रश्न पडतो की गुहेत द्राक्षारस आला कोठून? आणि एक उत्तर असे येते की तो त्यांच्यासाठी वरूनच सिद्ध करून ठेवला होता. म्हणजे योजना आहे, साधनसामग्रीही योजनेतूनच आली आहे. इतकेच नव्हे, तर मुलींनी ‘पुत्र’ न म्हणता ‘बीज’ म्हटले ह्यावर बोट ठेवून, ते बीज म्हणजे दुसऱ्याच ठिकाणाहून येणारे, मशीहा राजाचे बीज, असा अन्वयार्थ तेथे लावला आहे. तर मग लोट निर्दोष?

नाही. हिब्रू संहितेत थोरल्या मुलीच्या ‘उठण्या’विषयीच्या शब्दातील एका अक्षरावर एक बिंदू आहे. तो उच्चारासाठी नाही. लेखनिक तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच उतरवीत आले. ताल्मूदच्या ‘नाझीर’ ह्या प्रकरणात त्या बिंदूचा अर्थ असा केला आहे की तिचे निजणे त्याला कळले नाही; उठणे मात्र कळले. झाले ते झाले, तेव्हा त्याच्या हाती काय होते, असे कोणी म्हणेल. उत्तर असे : दुसऱ्या रात्री न पिणे त्याच्या हाती होते. त्याच प्रकरणात, एकाच वाटेवर नीतिमान चालतात आणि पापी अडखळतात ह्या आशयाच्या होशेयच्या वचनाचा दाखला म्हणून लोट व त्याच्या मुलींचे उदाहरण येते. त्यांचा हेतू विधी पाळण्याचा होता, त्याचा वासनेचा.

पहिल्या रात्रीचा द्राक्षारस स्वर्गाने दिला; दुसऱ्या रात्रीचा प्याला लोटाने स्वतः उचलला. एकाच कृतीत एकाच गुहेतील तिघांचा हिशेब वेगवेगळा होतो, आणि ईश्वरी योजना सफल झाली म्हणून कोणाचाही हिशेब माफ होत नाही. एका बिंदूवर एवढा डोलारा उभारणे आजच्या वाचकाला ओढाताणीचे वाटेल. पण जबाबदारी कृतीपासून नव्हे, कृतीच्या जाणिवेपासून सुरू होते हे सांगण्यासाठी त्यांना संहितेत कोठेतरी जाणिवेची खूण हवी होती, आणि ती त्यांनी शोधली.

यहूदा–तामार प्रसंग हा ह्या साऱ्या चर्चेचा गाभा आहे. ‘उत्पत्ती’च्या ३८ व्या अध्यायात येणारी ही कथा योसेफाच्या कथानकाच्या मधोमध उपटसुंभासारखी आल्याची तक्रार अनेक आधुनिक अभ्यासकांनी केली होती. ३७ व्या अध्यायात भाऊ योसेफाला विकतात, ३९ व्यात तो मिसर देशात पोचतो; आणि मध्येच यहूदाचा संसार. रॉबर्ट ऑल्टर ह्यांनी बायबलच्या कथनकलेवरील १९८१ च्या आपल्या ग्रंथात ह्या दोन अध्यायांमधील शब्दबंध उलगडून दाखविले, आणि मिद्राशकारांना ते आधीच दिसले होते हेही मोकळेपणाने मान्य केले. मिद्राशकारांचे उत्तर मात्र केवळ रचनेपुरते नाही. ‘बरेशीथ राब्बा’त रब्बी शमुवेल बार नहमान जे चित्र रंगवितो ते असे : भाऊ योसेफाच्या विक्रीत गुंतले आहेत; योसेफ, रऊबेन, याकोब आपापल्या शोकात बुडाले आहेत; यहूदा बायको शोधण्याच्या खटपटीत आहे; आणि परमेश्वर मशीहाचा प्रकाश निर्माण करण्याच्या कामात आहे. सर्व क्रिया एकाच वेळी, एकाच पातळीवर मांडलेल्या. वर बसून कोणी दोऱ्या ओढतो आहे, असे हे चित्र नाही. प्रत्येक जण आपापल्या उद्योगात आहे, देवही त्याच्या. आणि कोणालाही दुसऱ्याच्या उद्योगाची खबर नाही.

कथा अशी. यहूदाचा थोरला मुलगा एर मरतो. निपुत्रिक मृत भावाच्या विधवेशी दिराने विवाह करावा आणि मृताचे नाव चालवावे ह्या ‘यिब्बूम’च्या रूढीनुसार दुसरा मुलगा ओनान तिला स्वीकारतो, पण होणारी संतती आपली ठरणार नाही म्हणून तिला अपत्य होऊ देत नाही, आणि तोही मरतो. (येथे मराठी वाचकाला नियोगाची आणि ‘युगान्त’मधील चर्चेची आठवण होणे स्वाभाविक आहे, तथापि यिब्बूममध्ये विधवा दिराची पत्नी होते, हा भेद दृष्टिआड करू नये.) यहूदा तिसऱ्या मुलाच्या, शेलाच्या, जिवाला भिऊन तामारेला माहेरी धाडतो. वर्षे जातात. शेला मोठा होतो, बोलावणे येत नाही. यहूदाची पत्नी वारते. मेंढरांची लोकर कातरण्यासाठी तो तिम्नाकडे निघाल्याचे कळताच तामार वैधव्याची वस्त्रे उतरवून, बुरखा घेऊन, वाटेवर बसते. तो तिला वेश्या समजतो. मोबदला म्हणून करडू देण्याचे ठरते आणि तोवर तारण म्हणून ती त्याची मुद्रा, दोरी आणि काठी मागून घेते.

ह्या वाटेवरच्या क्षणाबद्दल मिद्राशात रब्बी योहानानचे एक धक्कादायक विधान आहे. यहूदा तिला ओलांडून जाऊ पाहत होता; तेव्हा परमेश्वराने वासनेवर नेमलेल्या दूताला पाठविले. दूताने विचारले की तू निघून गेलास तर राजे कोठून निपजतील? आणि मग तो वळला, स्वतःच्या इच्छेविरुद्ध. म्हणजे येथे स्वातंत्र्य सरळसरळ नाकारले आहे. विद्यार्थिनीच्या प्रश्नाला पुष्टी देणारे ह्याहून ठळक वचन सापडणार नाही, आणि बहुतेक विवेचनांत चर्चा येथेच थांबते.

परंतु कथा येथे थांबत नाही. तीन महिन्यांनी तामार गरोदर असल्याची वार्ता येते आणि यहूदा तिला बाहेर आणून जाळण्याची आज्ञा देतो. तामारेजवळ मुद्रा आहे, काठी आहे; नाव घ्यावयाचा अवकाश. ती नाव घेत नाही. ज्याच्या ह्या वस्तू आहेत त्याच्यापासून मी गरोदर आहे, एवढाच निरोप ती धाडते आणि त्या ओळखण्याची विनंती करते. ताल्मूदच्या ‘सोटा’ प्रकरणात ह्यावरून नियम काढला आहे की दुसऱ्याला चारचौघांत लज्जित करण्यापेक्षा स्वतःला भट्टीत झोकून देणे बरे. म्हणजे तामारेने वस्तू पाठविल्या, पण निर्णय यहूदावर सोपविला. तो गप्प बसला असता तर ती जळून गेली असती, आणि तिच्यासह पोटातील राजेही. त्याच ठिकाणी असेही सांगितले आहे की सामाएल नावाच्या विरोधी दूताने त्या खुणा दूर सारल्या आणि गब्रिएलाने त्या पुन्हा जवळ आणल्या. गब्रिएलाचे काम खुणा यहूदापुढे पोचविण्यापर्यंत. त्या पाहिल्यावर यहूदाने काय म्हणावे, ह्यासाठी कोणताही दूत पाठविल्याचा उल्लेख नाही.

प्रस्तुत लेखकाला ही अनुपस्थिती अर्थपूर्ण वाटते. वाटेवर वळविण्यासाठी दूत लागला. कबुलीसाठी मात्र लागला नाही. रब्बी योहानानचा दूत घटना घडवू शकतो, पण घडलेल्या घटनेचे उत्तरदायित्व घेणे ही गोष्ट त्याच्या अधिकाराबाहेरची. यहूदाचे स्वातंत्र्य तिम्नाच्या वाटेवर शोधणाऱ्याला ते सापडत नाही; ते तीन महिन्यांनंतर, चितेपुढे, भर लोकांत प्रकट होते. रब्बी हनीनाची वाटणी येथे जशीच्या तशी लागू पडते.

‘ओळखा’ ह्या अर्थाचे तामारेने वापरलेले ‘हक्केर ना’ हे शब्द ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. मागच्याच अध्यायात भावांनी योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढे ठेवला तेव्हा हेच शब्द उच्चारले होते. आणि योसेफाला विकण्याची सूचना यहूदाची होती. फसविण्यासाठी तेथे बकरा, येथे करडू. तेथे झगा, येथे मुद्रा. मिद्राश ही परतफेड स्पष्टपणे सांगतो. तामारेला योसेफाच्या झग्याविषयी काही ठाऊक असणे शक्य नाही. तिच्या तोंडी तेच शब्द आले ही योजना. पण ते ऐकून यहूदाला आपल्या बापाचा चेहरा आठवला असेल, तर ते आठवणे त्याचे स्वतःचे. पुढे ४३ व्या अध्यायात बन्यामिनासाठी जामीन राहताना तो जे क्रियापद वापरतो, ते ‘तारण’ ह्या अर्थाच्या ३८ व्या अध्यायातील शब्दाच्याच धातूपासून आले आहे. वाटेवर मुद्रा गहाण टाकणारा माणूस शेवटी स्वतःलाच गहाण टाकतो.

यहूदाची कबुली हिब्रूत दोन शब्दांची आहे : ‘त्सादका मिमेन्नी’. पहिल्याचा अर्थ ‘ती न्याय्य आहे’. दुसरा शब्द ‘मी’चे पंचमीचे रूप. त्याचे दोन अर्थ होतात. ‘माझ्याहून’ असा घेतला तर ती माझ्याहून अधिक न्याय्य आहे, असे वाक्य होते. ‘माझ्यापासून’ असा घेतला तर ती न्याय्य आहे, गर्भ माझ्यापासूनचा आहे, अशी दोन वाक्ये होतात. संस्कृतात ‘मत्’ ह्या एका रूपाने हे दोन्ही साधले असते. मराठी अनुवादकाला मात्र निवड करावीच लागते, आणि निवड केली की श्लेष जातो. ताल्मूदने ह्यात तिसरा अर्थ पाहिला. ‘माकोथ’ प्रकरणात असे म्हटले आहे की यहूदा ‘त्सादका’ एवढेच बोलला. ‘मिमेन्नी’ ही आकाशवाणी होती, आणि हे गुप्त कार्य माझ्यापासून घडले, असे तिने घोषित केले. राशीनेही आपल्या भाष्यात हा अर्थ नोंदविला आहे.

दोन शब्दांचे एक वाक्य आणि त्याचे दोन वक्ते! ईश्वरी योजना आणि मानवी संकल्प ह्यांच्या संबंधाचे ह्याहून नेमके रूप कोणत्याही तात्त्विक ग्रंथात मला आढळलेले नाही. शब्दांचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी माणूस बोलतो, मग आकाश. यहूदाने तोंड उघडण्यापूर्वीच आकाशवाणी झाली असती तर त्याच्या कबुलीला काही अर्थ उरला नसता. तामार वाचली असती, पण यहूदा नव्हे. हे सारे आपणच घडविले, ही गोष्ट देव यहूदाने न्याय मान्य करीपर्यंत उघड करीत नाही.

तामारेचे काय? ती साधन ठरते का? उल्ला नावाच्या आचार्याने ‘नाझीर’ प्रकरणात तामार आणि जिम्री ह्यांची तुलना केली आहे. दोघांचीही कृती बाह्यतः व्यभिचाराची. एकीपासून राजे आणि संदेष्टे निपजले, दुसऱ्यामुळे हजारो माणसे मेली. ह्यालाच जोडून रब्बी नहमान बार इसहाकाचे प्रसिद्ध मत येते की सद्‌हेतूने केलेले उल्लंघन हे हेतुशून्य विधिपालनापेक्षा श्रेष्ठ. पण त्यावर लगेच आक्षेप घेतला जातो आणि ‘श्रेष्ठ’ हा शब्द मागे घेऊन ‘तुल्य’ असा बदल केला जातो. ही दुरुस्ती लहान दिसते, पण तीत परंपरेची भीती बोलते आहे. ‘श्रेष्ठ’ म्हटले तर उद्या कोणीही उठून सद्‌हेतूचे नाव पुढे करील.

ती भीती अनाठायी नव्हती. १६६५–६६ मध्ये शब्बेताय त्स्वी ह्याच्या मशीहापणाच्या दाव्याने यहुदी जग ढवळून निघाले. १६६६ मध्ये त्याने तुर्की सुलतानापुढे इस्लाम स्वीकारला. आणि त्याच्या काही अनुयायांनी ह्या धर्मत्यागाचीच उपपत्ती लावली : उद्धार पापाच्या तळाशी उतरल्याशिवाय होत नाही. अठराव्या शतकात याकोब फ्रांकच्या पंथाने ह्या उपपत्तीचे आचरणात रूपांतर केले. गेर्शोम शोलेम ह्यांनी १९३७ च्या आपल्या हिब्रू निबंधात ह्या पंथांची मीमांसा केली आहे. पण तामारेचे कृत्य आणि ह्या पंथांचे आचरण ह्यांत मूलभूत अंतर आहे. तामारेला मशीहा आणावयाचा नव्हता. तिला तिच्या हक्काचे मूल हवे होते. ज्या घराने तिला ताटकळत ठेवले त्या घराची संतती हवी होती. तिचा हेतू तिच्या आयुष्याएवढा होता. फ्रांकच्या अनुयायांनी मात्र देवाचा हेतू आपल्याला ठाऊक आहे असे गृहीत धरून पाप केले. ज्या अज्ञानामुळे तामारेची कृती तिची स्वतःची राहते, ते अज्ञानच त्यांनी नाकारले. विद्यार्थिनीला आज उत्तर द्यावयाचे झाले तर ते असे देता येईल : जो स्वतःला योजनेचे साधन समजून वागतो, तोच साधन होतो, तामार तशी वागली नाही.

एकोणिसाव्या शतकात पोलंडमधील इझ्बित्सा येथील हसिदी गुरू मोर्देखाय योसेफ लाइनर ह्यांनी ह्या प्रश्नाचा वेगळाच निकाल लावला. ‘मे हाशिलोआख’ ह्या १८६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवचनसंग्रहात हनीनाचे वचनच उलटविले आहे. स्वर्गाचे भयदेखील वस्तुतः स्वर्गाच्याच हाती आहे, आणि मानवी निवड हा दृष्टीचा पडदा आहे. हे मत धाडसी आणि काव्यात्म आहे. तथापि ते स्वीकारले तर ‘त्सादका’ हा शब्दही यहूदाचा राहत नाही, आणि मग वाक्यात एकच वक्ता उरतो. ही किंमत फार मोठी आहे.

अज्ञानाच्या ह्या सूत्राची उलट बाजू हिज्कीया राजाच्या कथेत दिसते. यशयाच्या ग्रंथात हिज्कीया आजारी पडतो आणि तू मरणार असा निरोप संदेष्टा आणतो. कारण तेथे दिलेले नाही. ताल्मूदच्या ‘ब्राखोथ’ प्रकरणात ते येते. राजाने विवाह केला नव्हता. कारण आपल्याला होणारा पुत्र दुर्वर्तनी निघेल हे त्याने दिव्यदृष्टीने पाहिले होते. ह्यावर यशयाचे उत्तर असे की परमेश्वराच्या गुपितांशी तुला काय कर्तव्य? तुला जी आज्ञा आहे ती तू पाळ. त्याला जे रुचेल ते तो करील. हिज्कीयाने पाहिले ते खोटे नव्हते. पुढे मनश्शे जन्मास आला, आणि यहूदाच्या राजांत त्याच्याइतका मूर्तिपूजक आणि रक्तपाती राजा झाला नाही. दर्शन खरे होते. तरीही त्यावरून वागणे चूक होते! पूर्वज्ञान आणि कर्तव्य ह्यांची अशी फारकत इतक्या निष्ठुरपणे अन्यत्र क्वचितच झाली असेल.

संवाद येथेही थांबत नाही. हिज्कीया म्हणतो, मग तुझी मुलगी मला दे. कदाचित आपल्या दोघांच्या पुण्याईने संतती चांगली निघेल. यशया म्हणतो, निकाल लागून गेला आहे. तेव्हा राजा संदेष्ट्यालाच चालते होण्यास सांगतो : मानेवर धारदार तलवार टेकली असली तरी माणसाने दयेची याचना सोडू नये, ही माझ्या आजोबांच्या घरची शिकवण आहे. आजोबा म्हणजे दावीद. मग तो भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करतो आणि त्याला १५ वर्षे वाढवून मिळतात. मनश्शे गादीवर आला तेव्हा १२ वर्षांचा होता, असे राजांच्या ग्रंथात नमूद आहे; म्हणजे तो त्या वाढीव आयुष्यातला पुत्र. राजाची प्रार्थना फळली ती अशी. आणि ह्याच मनश्शेपासून योशीया आणि पुढचा सारा दावीदवंश चालला.

दुसरीकडे ‘सान्हेद्रिन’ प्रकरणात असेही सांगितले आहे की परमेश्वराच्या मनात हिज्कीयालाच मशीहा करावयाचे होते. पण सन्हेरीबाच्या वेढ्यातून सुटका झाल्यावर त्याने स्तुतिगान गाइले नाही, म्हणून ते राहून गेले. यशयाच्या ९ व्या अध्यायातील एका शब्दात मधले ‘मेम’ अक्षर चुकीने शब्दान्तीच्या बंद आकारात लिहिलेले आढळते. बार कप्पारा हा आचार्य ते बंद अक्षर म्हणजे ह्याच राहून गेलेल्या गोष्टीची खूण मानतो. योजनाही, म्हणजे, माणसामुळे फसू शकते. उद्धार पश्चात्तापावर अवलंबून की ठरल्या वेळी होणारच, हा रब्बी एलिएझर आणि रब्बी यहोशवा ह्यांचा वाद त्याच प्रकरणात आहे.

दावीद आणि बथशेबा ह्यांच्याविषयी थोडक्यात. दावीदाने पापच केले नाही असे सिद्ध करणारे एक प्रसिद्ध मत ‘शब्बाथ’ प्रकरणात आहे. युद्धावर जाणारे सैनिक पत्नीला सशर्त सोडचिठ्ठी देऊन जात, असा त्याचा एक आधार. हा वकिली बचाव झाला. गंमत अशी की तेथेच, असा अर्थ लावणारा रब्बी यहूदा स्वतः दावीदाच्या घराण्यातला असल्याने दावीदाची बाजू घेतो, असा टोमणाही नोंदवून ठेवला आहे. ‘सान्हेद्रिन’मधील मत अधिक खोल आहे : बथशेबा सृष्टीच्या सहा दिवसांपासून दावीदासाठीच नेमलेली होती, पण त्याने ते फळ कच्चे खाल्ले. जे मिळणारच होते ते त्याने हिसकावून घेतले. नेमलेले असणे हा बचाव होत नाही; उलट त्यामुळे अपराध अधिकच निरर्थक, म्हणून अधिकच दुःखद ठरतो.

उरली रूथ. दुष्काळात बेथलेहेम सोडून गेलेल्या नामीची ही मवाबी सून विधवा होऊन सासूबरोबर परत येते आणि कणसे वेचण्यास निघते. कोणाच्या शेतात ती गेली हे सांगताना संहिता ‘मिक्रेहा’, म्हणजे तिचा योगायोग, हा शब्द वापरते. ज्या पुस्तकात सर्व काही दावीदाकडे चालले आहे त्या पुस्तकाचा निवेदक मुद्दाम ‘योगायोग’ म्हणतो. रूथच्या पातळीवरून तो योगायोगच होता, आणि निवेदक तिची पातळी सोडीत नाही.

बवाजाहून जवळचा एक नातलग होता. शेत सोडविण्याचा आणि रूथला वरण्याचा पहिला हक्क त्याचा. शेत घ्यावयास तो तयार होतो. रूथचे नाव निघताच आपल्या वतनाला बाध येईल म्हणून मागे सरतो. ‘रूथ राब्बा’ ह्या मिद्राशानुसार त्याला मवाबी स्त्रीमुळे आपली संतती कलंकित होण्याचे भय वाटले. कारण मवाबींना इस्राएलात मज्जाव करणारा नियम केवळ पुरुषांपुरता आहे, हा निर्णय त्याला ठाऊक नव्हता. ज्याने आपला वंश जपला त्याचे नाव संहितेत नाही. तेथे ‘प्लोनी आल्मोनी’, म्हणजे अमका तमका, एवढेच आहे. हिज्कीयाने वंश बिघडेल म्हणून विवाह टाळला, ह्याने वंश बिघडेल म्हणून रूथ टाळली. पहिल्याला संदेष्ट्याने वेळीच गाठले. दुसऱ्याला कोणीच भेटले नाही.

बवाजाने मात्र जेवणाच्या वेळी रूथला जवळ बोलावून भाजलेले धान्य हातावर ठेवले. ‘रूथ राब्बा’ ह्यावर म्हणतो की ही गोष्ट लिहून ठेवली जाणार हे बवाजाला ठाऊक असते तर त्याने तिला पुष्ट वासरांची मेजवानी दिली असती. ह्यात थट्टा आहे, पण ठाऊक नसल्यामुळेच ते मूठभर धान्य बवाजाचे राहिले हेही आहे. त्याच ठिकाणी पुढे विचारले आहे की पूर्वी माणसे सत्कृत्य करीत आणि संदेष्टे ते लिहून ठेवीत. आता संदेष्टे नाहीत, तर लिहितो कोण? उत्तर : एलिया लिहितो. कोकणातील बेने इस्राएल ज्याला ‘एलियाहू हन्नबी’ म्हणतात आणि ज्याच्या नावाने गोड पोहे, खोबरे आणि फळे ह्यांचा मलिदा करतात, अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावर ज्याच्या रथाच्या घोड्यांच्या टापा उमटल्या असे मानतात, तोच हा मशीहाच्या आधी येणारा एलिया. तो लिहितो, आणि त्या लेखाखाली दोघांच्या सह्या असतात : एक परमेश्वराची आणि दुसरी, अद्याप जन्मास न आलेल्या, मशीहाची.